मागच्या बाजूची फाट

बोईसरचे आमचे गुडघेवाले डॉक्टर एमआरआयचा लिफाफा घेत, पण लगेच उघडत नसत. आधी पेशंटला आडवं करून अंगठ्याने गुडघ्याची कड चाचपायची, मग लिफाफा. दवाखान्यामागच्या खोलीत एकटेच राहत. बायको वारलेली, मुलगी परदेशात. डबासुद्धा रिपोर्ट वाचत जेवायचे. असला खडूस माणूस मी दुसरा पाहिला नाही, असं तेव्हा वाटायचं.

कबड्डीत माझा पाय पिरगळला. रिपोर्टात फक्त लिगामेंट तुटल्याचं होतं. डॉक्टरांनी गुडघ्याच्या मागच्या कडेला अंगठा रोवला नि मी कळवळलो. "दोरी तुटते तेव्हा गादीलाही हिसका बसतो," ते म्हणाले, "मागची फाट फोटोत लपते." ऑपरेशनच्या वेळी दुर्बिणीतून पाहिलं, तर दोन हाडांमधली गादी खरंच मागून फाटलेली. ती कापली तर लवकर चालशील, पण पुढे गुडघा झिजेल, असं त्यांचं म्हणणं. म्हणून नवं लिगामेंट बसवतानाच त्यांनी ती टाके घालून शिवली. चार महिने उकिडवं बसायचं नाही आणि जोर लावायचा नाही, अशी तंबी दिली.

तिसऱ्या महिन्यात होड्या समुद्रात लोटायचा दिवस आला. आमच्या सातपाटीच्या घरात त्या दिवशी प्रत्येक पुरुषाचा हात होडीला लागलाच पाहिजे. बाबांनी विचारलं, डॉक्टर काय म्हणतात? मी खुशाल ठोकून दिलं, हो म्हणालेत. वाळूत पाय रोवून रेटा दिला आणि टाके तुटले.

बाबा तणतणत दवाखान्यात शिरले, मागून मी लंगडत. "तुमीच हो बोललात ना?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. लाज वाटते सांगायला, मी मान खाली घातली.

"हो," ते म्हणाले. "चुकलं माझं."

गादीचा तुकडा शेवटी कापावाच लागला. बाबांनी गावभर बोंब मारली आणि सातपाटीच्या बायका गुडघे घेऊन दुसरीकडे जाऊ लागल्या. एकदा मी एकटाच गेलो तेव्हा बाकं रिकामी होती. खोटं का बोललात, म्हणून विचारलं.

"तुम्हा दोघांना रोज एकाच होडीत बसायचंय," ते म्हणाले. "मला घरी जाब विचारणारं कोण आहे?"

गेल्या वर्षी डॉक्टर वारले. मुलगी पोहोचेपर्यंत दोन दिवस गेले. बाबा आता थकलेत. माझा गुडघा दुखला की तेल चोळतात आणि म्हणतात, "तुजा पाय त्या डागतरनं घालवला."

मी "हां" म्हणतो.