सात चांदण्या

तुमचे फोन चेहरा पाहून उघडतात. आमच्या भोरच्या कॉलेजात सर्व्हर आला तेव्हा पासवर्ड दोघांनाच ठाऊक होता, मला आणि माझ्या हाताखालच्या कारकुनाला. विद्यार्थ्यांच्या नोंदी त्यात होत्या आणि दाखले त्यातूनच छापले जात.

दसऱ्याच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी मार्गासनीचे एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. तिला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. दाखला दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्यात द्यायचा होता, नाहीतर जागा जाणार होती.

कारकुनाने पासवर्ड टाकला. सर्व्हरने नाकारला. असे तीनदा झाले.

"मॅडम, चुकत नाहीये. माझ्या बोटांना पाठ आहे."

"आता हात लावू नका," मी म्हटले. पाचदा चुकले की सर्व्हर दिवसभर कोणालाही आत घेत नसे. पुण्याचा इंजिनिअर फोन उचलत नव्हता.

"बाई, चारची एसटी हाय," गृहस्थ म्हणाले. "तुमच्या यंत्राला आमच्या पोरीचं नाव कळंना व्हय?"



मी खुर्चीवर बसले आणि एकेक अक्षर सावकाश दाबले. पासवर्डची अक्षरे पडद्यावर दिसत नसत, प्रत्येकाच्या जागी एक चांदणी उमटे. आठ हव्या होत्या, सातच आल्या. एन्टर न दाबता सगळे पुसले आणि पुन्हा एकेक कळ दाबून पाहिली. सहाव्या अक्षराची कळ खालपर्यंत जातच नव्हती.

कीबोर्ड उलटा करून आपटला. कुंकवाने लाल झालेला तांदळाचा एक दाणा टेबलावर पडला. सुट्टीच्या आधी कारकुनाने यंत्रांची पूजा केली होती आणि सर्व्हरला इतरांपेक्षा जास्त अक्षता वाहिल्या होत्या.

"पूजा लई झाली म्हना की!" गृहस्थ म्हणाले. कारकून हसला नाही.

चौथ्यांदा टाकलेला पासवर्ड चालला. दाखला छापून झाल्यावर मी नाव आणि जन्मतारीख जुन्या रजिस्टरशी ताडून पाहिली. गृहस्थ दारात चुळबुळत होते, पण मी घाई केली नाही. चूक निघाली असती तर पुण्याहून तिला परत पाठवले असते. चारला दहा मिनिटे कमी असताना सही केली.

"पळ गं," ते मुलीला म्हणाले. ती दाखल्याची शाई वाळवायला कागद हवेत हलवत एसटी स्टँडकडे पळाली.

आठवड्याने तिचे वडील दुसऱ्या कामासाठी आले होते. "घेतलं बाई तिला," एवढेच म्हणाले.