एक बहीण, दोन कोच

बहिणीच्या पोलीस भरतीसाठी आमच्या घरात दोन कोच तयार झाले, आणि दोघांपैकी एकानेही आयुष्यात शर्यत पळलेली नव्हती. एक मी, सौंसरच्या शाळेत जीवशास्त्र शिकवणारा. दुसरे बाबा, मोहगावला संत्र्याची बाग आणि शंकरपटात पळणारी बैलजोडी सांभाळणारे. बहिणीला आठशे मीटर पळायचं होतं, आणि वयाकडे पाहता ही तिची शेवटचीच भरती होती.

मी तिला समजावलं की स्नायूंत दोन तऱ्हेचे तंतू असतात. चपळ तंतू झटक्यात जोर लावतात आणि लवकर थकतात. संथ तंतू बेताने पण बराच वेळ काम करतात. कोणात कोणते जास्त, हे बरंचसं जन्मावर असतं. जिला आंघोळीला जा म्हटलं की दुपार होते, तिच्यात कोणते जास्त हे तपासायची मला गरज वाटली नाही. म्हणून संध्याकाळी माझ्या देखरेखीखाली लांबलचक, सावकाश धावणं सुरू झालं.

बाबांना ते मंजूर नव्हतं. "मास्तर, बैल सुटल्याबरोबर उडाला पाह्यजे. मांगं राह्यला तो मांगंच राह्यते." सकाळी ते तिला पटाच्या बैलांना देतात तसे भिजवलेले उडीद खायला घालत आणि शिट्टी वाजवून बांधापर्यंत उधळायला लावत. आई म्हणायची, "आता झूल तेवढी बाकी आहे."

भरतीच्या दिवशी आम्ही दोघं मैदानाच्या जाळीला चिकटून उभे होतो. शिट्टी झाली तशी ती अशी उधळली की अर्ध्या फेरीत सगळ्यांच्या पुढे. बाबांनी माझ्याकडे पाहत मिशीवर हात फिरवला. पण पहिली फेरी संपेपर्यंत तिचा दम गेला, आणि एकेक पोरगी तिला मागे टाकू लागली. मी बरोबर ठरत होतो, तरी या वेळी मला ते नको होतं.

"हुर्र! हुर्र!" बाबा ओरडले.

"श्वास घे! श्वास!" मी ओरडलो.

तिने आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मान खाली घालून आपल्याच चालीने पळत राहिली, आणि वेळेच्या आत पोचली.

"पाह्यलं? सुरुवात माही होती," बाबा म्हणाले.

"अन् शेवट कोणाचा?" मी विचारलं.

ती बूट सोडत बसली होती. "मले पोस्टिंग दूर भेटली पाह्यजे," ती म्हणाली. "जिथं तुमचा दोघायचा आवाज नाही येत, तिथं."

भेटली. पार झाबुआला. घर अगदी शांत झालंय, आणि मला ते मुळीच आवडत नाही. बाबांनाही नाही. काल जेवताना ते बराच वेळ माझ्या पिंढऱ्यांकडे पाहत होते. आज सकाळी ओट्यावर उडीद भिजत घातलेले दिसले.