टाचणीचं यंत्र

गल्लीत नवऱ्याला सगळे शिडी म्हणत आणि बायकोला टाचणी. का, ते विचारायची कुणाला कधी गरज पडली नाही. दोघं शेजारी उभी राहिली की टाचणीचं डोकं शिडीच्या सदऱ्याच्या दुसऱ्या बटणापर्यंत कसंबसं पोचायचं. लग्नात फोटोग्राफरने तिला खोक्यावर उभं केलं होतं, तरी नवऱ्याचं अर्धं कपाळ फोटोबाहेर गेलंच. तो फोटो अजून त्यांच्या भिंतीवर आहे.

धंदा झाडं तोडायचा. वाळलेलं, कललेलं, कुणाच्या छपरावर यायला लागलेलं झाड असलं की लोक शिडीला बोलावत. तो कमरेला दोर बांधून सरसर शेंड्याकडे जायचा आणि वरून एकेक तुकडा उतरवत खाली यायचा. टाचणी खाली दोर धरायची, बघ्यांना हाकलायची आणि जीव मुठीत धरून वर बघत राहायची. मग एकदा पायाखालची फांदी मोडली. दोराने शिडी वाचला, पण बुंध्यावर असा आपटला की बरगड्या मोडल्या. इस्पितळात खाटेबाहेर आलेले पाय हलवत तो नर्सबाईंशी थट्टा करत होता. टाचणी हसली नाही. हा माणूस आता पुन्हा वर जाणार नाही, एवढं तिने तिथेच बसून ठरवून टाकलं.

पण हे तोंडावर सांगायची सोय नव्हती. शिडीला 'चढू नका' म्हटलं असतं, तर पट्ट्या सोडायच्या आधीच त्याने खिडकीबाहेरच्या झाडावर चढून दाखवलं असतं. तेव्हा टाचणीने आडवळण घेतलं. झाड पडायला समोर पुरेशी मोकळी जागा असेल तर वर जायचं कशाला? बुंध्याशी करवत लावा, झाड आडवं करा, मग बसून तुकडे पाडा. अडचण एकच, झाड किती उंच आहे ते आधी अचूक कळायला हवं.

"त्यात काय कळायचंय? नजरेने कळतं," शिडी म्हणाला.

"तुमच्या नजरेनेच त्या डॉक्टरांच्या मोटारीचं टप चेपलं होतं ना?"

त्यावर शिडीने खोकला काढला. बरगड्यांमुळे त्याला तेवढी सवलत होती.

टाचणीची शाळा दहावीला सुटली होती, पण भूमिती तिच्या मनातून सुटली नव्हती. भंगारवाल्याकडे तिला फळ्यावर वापरायचा भलामोठा लाकडी कोनमापक मिळाला. त्याच्या सरळ कडेला तिने प्लास्टिकच्या पाइपचा हातभर तुकडा बांधला, मधोमध खिळा ठोकला आणि खिळ्याला दोऱ्याने एक जाडजूड नट लोंबकळत सोडला. झालं यंत्र. पाइपातून शेंड्याकडे बघायचं. पाइप तिरका होतो, पण नट काही आपली सरळ लोंबायची सवय सोडत नाही, त्यामुळे दोरा कोनमापकाच्या मधल्या खुणेपासून जितके अंश सरकतो, तितका कोन. कोन पंचेचाळीस अंशांचा आला, तर आपण झाडापासून जितके लांब, तितकंच झाड आपल्या डोळ्यापासून वर. मागे सरायला तेवढी जागा नसेल तर कोन मोठा येतो. मग टॅनचा आकडा बघायचा आणि अंतराला त्याने गुणायचं. भाचीच्या पुस्तकातून उतरवलेला टॅनचा तक्ता तिने कोनमापकाच्या मागेच चिकटवला होता. शेवटी जमिनीपासून डोळ्यापर्यंतची उंची त्यात मिळवायची. हा आकडा दर वेळी तोच, म्हणून तो तिने तक्त्याखाली लाल शाईने लिहूनच ठेवला होता.

"बरं," शिडी म्हणाला. "तुझं यंत्र बरोबर निघेल तोवर मी खाली. पण एकदा जरी चुकलं, तर मी दोर बांधणार आणि तू चकार शब्द काढायचा नाही."

"कबूल," टाचणी म्हणाली. 

यंत्र चुकलं नाही. झाडामागून झाड पडलं आणि शेंडा टाचणीने आखलेल्या चुन्याच्या रेघेच्या अलीकडेच टेकला. मग तिलाही जरा चढलं. लोकांचा विश्वास बसावा म्हणून ती रेघेपलीकडे शिडीच्या जेवणाचा डबा ठेवायला लागली. सुरुवातीला चांगला चार पावलं लांब ठेवायची. पुढे हुरूप वाढला तसा डबा रेघेजवळ सरकत सरकत फुटावर आला. झाड धाडकन पडायचं, धूळ बसायची, डबा जागच्या जागी आणि बघे टाळ्या वाजवायचे. टाळ्या ऐकून शिडी तेवढा तोंड वाकडं करायचा.

पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई गावाच्या कडेला राहत. त्यांच्या आवारात दोन निलगिऱ्या वाळल्या होत्या, एक मोकळ्या जागेत आणि दुसरी घराला अगदी खेटून. पहिली टाचणीच्या यंत्राने पाडायची आणि दुसरीसाठी क्रेनवाल्याला बोलवायचं, असं ठरलं. नेमकी त्या दिवशी टाचणीच्या उजव्या डोळ्यावर रांजणवाडी आली. डोळा सुजून बंद, आणि डाव्या डोळ्याने पाइपातून नीट दिसेना.

"दे इकडे," शिडी म्हणाला आणि पाइप डोळ्याला लावून ताठ उभा राहिला. "शेंडा सापडला. वाच."

टाचणीने खालून मान वर करून दोरा वाचला. साठ अंश. तीनदा बघायला लावलं, तिन्हीदा साठ. फीत धरून अंतर घेतलं, गुणाकार केला, लाल आकडा मिळवला आणि बेरीज पुन्हा तपासली. मग रेघ आखली आणि पलीकडे फूटभरावर डबा मांडला. पोस्टातल्या बाई व्हरांड्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या.

करवत चालली. झाड करकरलं, रुबाबात कललं आणि पडलं. धूळ बसली तेव्हा डब्याची ताटली झालेली होती.

 मग पोस्टातल्या बाईंनी हळूच विचारलं, "हे असंच असतं का?"

"नाही हो, बाई," शिडी म्हणाला. "आज यंत्र चुकलं." आणि त्याने गाडीतून दोर काढला.

 टाचणीने शब्द दिला होता, आता तोंड उघडायची चोरी. शिडी घराजवळच्या निलगिरीपाशी गेला, दोर कमरेला बांधला, दोन्ही हात बुंध्याला लावले. ती पळतच डब्याकडे गेली आणि गुडघे टेकून रेघेपासून शेंड्यापर्यंत फीत धरली. चूक दीड फुटाहून थोडी जास्त होती. कोन तीनदा बघितला होता. अंतर बरोबर होतं. गुणाकार बरोबर होता. मग एवढं झाड आलं कुठून?

तिने मागे वळून शिडीकडे पाहिलं. तो बुंध्याशी ताठ उभा होता, एवढा लांबलचक, की जवळ उभं राहून त्याच्या डोळ्यात बघायचं तर तिची मान दुखायची.

"अगं बाई!" ती ओरडली. "अहो, थांबा! डोळा तुमचा होता!"

"काय?"

"बघितलंत तुम्ही, आणि उंची मिळवली मी माझी!"

ती फीत घेऊन धावली. शिडीला जमिनीपासून डोळ्यापर्यंत मोजायला तिचा हात पुरेना, तेव्हा पोस्टातल्या बाई स्वतः खुर्ची घेऊन आल्या, तीवर चढल्या आणि फितीचं वरचं टोक धरलं. टाचणीच्या लाल आकड्यात आणि शिडीच्या डोळ्याच्या उंचीत नेमका तेवढाच फरक निघाला. बाईंनी खुर्चीवरूनच निकाल दिला. "यंत्र निर्दोष! माणसं बावळट!"

"पण चूक ती चूक," टाचणी खालच्या आवाजात म्हणाली. "शब्द दिलाय मी. चढा तुम्ही." आणि तिला रडू फुटलं. "मला गणितात जिंकायचं नव्हतं हो. मला तुम्ही खाली हवे होतात, बाकी काही नको होतं."

शिडी जागचा हलला नाही. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की ती फीत धरत होती, हिशोब जुळवत होती, रडत होती, तेवढ्या सगळ्या वेळात या माणसाचा एकही पाय जमिनीवरून सुटला नव्हता. झाडावर सरसर जाणारा हा माणूस अजून बुंध्याशीच होता, आणि हात लावला होता तिथली साल घामाने ओली झाली होती.

"मी चढलोच नाहीये," तो म्हणाला. "पाय उचलत नाही. पडलो त्या दिवसापासून उचलत नाही."

"मग इतके दिवस ती कुरकुर? ते वाकडं तोंड?"

"अगं, कुरकुर नसती केली तर तुला कळलं असतं ना." तो कमरेची गाठ सोडायला लागला, पण ती सुटेना. "दर झाडाला मनात म्हणायचो, हिचं गणित बरोबर येऊ दे. तू डबा जवळ सरकवायचीस तेव्हा डोळे मिटून घ्यायचो मी. डबा शाबूत दिसला की टाळी वाजवावीशी वाटायची."

"मग वाजवायची होतीत की," टाचणी नाक पुसत म्हणाली. तिने त्याची बोटं बाजूला केली आणि गाठ स्वतः सोडवली.