लाडवांचा डबा नव्हता तो

"मग आता मी चण्याची डाळ कशात ठेवू?" आईनं विचारलं, तेव्हा शिरीषदादा तिच्या ॲल्युमिनियमच्या डब्याला ड्रिलनं भोकं पाडत होता.

"पिशवीत ठेव," तो म्हणाला. मान वर न करता.

तो रविवार होता. मी शाळेच्या मोज्यांना रफू करत बसले होते.

माझा हा मोठा भाऊ गेला. काल त्याचा तेरावा झाला.

तुमच्या पोस्ट वाचल्या. 'हरहुन्नरी.' 'लेजंड.' 'असा माणूस होणे नाही.'

तुमच्यापैकी किती जणांनी तो डबा वाजताना ऐकला होता? चहा प्यायलात, "काय शिरीष, खेळणं अजून चालू आहे का?" म्हणालात आणि चपला घातल्यात. चहा चांगला असायचा, एवढंच तुम्हाला आठवत असेल.

म्हणून सांगते तो डबा काय होता ते.

काकांनी परदेशातून एक छोटा कॉम्प्युटर आणला होता. रबरी बटणांचा, टीव्हीला जोडायचा. प्रोग्रॅम कॅसेटवरून चढायचे. आवाज काढायचा, पण एका वेळी एकच सूर, तोही कानाशी डास आल्यासारखा.

आणि इकडे मी कॉन्व्हेंटच्या क्वायरमध्ये. सिस्टरनी मला मधल्या आवाजात उभं केलं होतं. वरचा आवाज लोकांना ऐकू येतो, खालचा जाणवतो. मधला कुणालाच कळत नाही. तो नसला की मात्र गाणं पोकळ वाटतं.

नाताळच्या कार्यक्रमानंतर मला न्यायला आलेला दादा सायकल हातात धरून तसाच उभा होता.

"मिनू, तीन सूर एकदम कसे काय निघतात? माझा कॉम्प्युटर तर एकच काढतो."

"आम्ही एवढ्या जणी आहोत, दादा."

"मला तीनच पुरेत."

मग सुरू झालं. दिवसभर सातपूरला कारखान्यात पॅनेलचं वायरिंग, संध्याकाळी घरी सोल्डरिंग. मुंबईहून तीन आवाजांची एक चिप आणली. कॉम्प्युटरच्या पाठीत बसेल असा सर्किट बोर्ड बनवला आणि सगळं डाळीच्या डब्यात बसवलं. मी पेटीवर आमच्या नाताळच्या गाण्याचा एकेक आवाज वाजवायचे, तो सूर लिहून घ्यायचा.

पहिल्यांदा वाजला तेव्हा बाबा म्हणाले, "टीव्हीच्या पोटात दुखतंय का?"

विजय, आमचा धाकटा, म्हणाला, "यापेक्षा रिक्षाचा हॉर्न बरा."

दादानं फक्त माझ्याकडे बघितलं. "तुझा सापडला?"

सापडला होता. वरच्या आणि खालच्या आवाजांच्या मध्ये नाही, दोघांना धरून. आयुष्यात पहिल्यांदा मी माझा आवाज बाहेरून ऐकत होते.

आता कालचं.

विजयनं माइक घेतला. हो, तेराव्याला माइक होता. म्हणाला, "दादा छंदातच रमला. संसार केला नाही, पण आम्ही त्याला कधी काही कमी पडू दिलं नाही." माना हलल्या. दादा शेवटपर्यंत स्वतःच्या पगारावर आणि नंतर स्वतःच्या पेन्शनवर जगला, विजय. तू त्याला दिलंस ते त्या रिक्षाच्या हॉर्नचं वाक्य. तेही दर दिवाळीला नव्यानं.

मग पंगत बसली.

बुंदीचे लाडू आले. वाढणारा माणूस माझ्या पानापाशी थांबला. शेजारी भास्करभाऊ होते. नामपूरचे. दादाबरोबर कारखान्यात होते, आता गावी कांदा करतात. दर नाताळच्या आसपास नाशिकला येऊन डबा ऐकून जायचे.

भाऊंचा हात पानावरच राहिला.

"ताई, हाऊ ते दादाना वाजाना डबा शे!"

होता. आईचा ॲल्युमिनियमचा डबा, राखेनं लखलखीत घासलेला. दादाच्या भोकांना सेलोटेप लावलेला. बुंदी सांडू नये म्हणून.

मी नीताला, विजयच्या बायकोला, विचारलं.

"अहो ताई, भांडी कमी पडत होती. आत नुसत्या वायरीच होत्या. मी सगळं नीट पिशवीत भरून गॅलरीत ठेवलंय. भंगारवाला उद्या येणार आहे."

नीट. पिशवीत.

आईनं डाळ ठेवली होती तशी.

आम्ही दोघं जेवणावरून उठलो. हो, तेराव्याच्या पानावरून. ज्यांना अशुभ वाटलं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. मी लाडू परातीत ओतून डबा घेतला. भाऊंनी पिशवीतून बोर्ड काढला, तुटलेल्या तारा दादाच्याच सोल्डरिंग गननं जोडल्या आणि तो परत डब्यात बसवला. टीव्ही लागला. कॅसेट फिरली. नातेवाईक दारात बडीशेप चघळत उभे.

डबा वाजला.

वरचा आवाज आला. खालचा आला. मधला आलाच नाही.

"मधला गया, ताई," भाऊ हळूच म्हणाले.

"दारू प्यायलेल्या बँडसारखं वाजतंय," विजय म्हणाला, आणि चार लोक हसले. दादाच्या खोलीत.

मग मी मधला म्हटला. आता माझा गळा बसका आहे, श्वास पुरत नाही. तरी शेवटपर्यंत म्हटला. गाणं संपलं तेव्हा कुणी चघळत नव्हतं.

दादा, डबा भंगारात गेला नाही. आता निवांत जा.

बाकीच्यांसाठी, भांडण नको म्हणून, इथेच लिहून ठेवते.

कॉम्प्युटर, कॅसेट आणि डबा भास्करभाऊंना. ते मधला आवाज दुरुस्त करतील. तिसऱ्याच दिवशी 'वर्किंग कंडिशनमध्ये आहे का, बेस्ट प्राइस सांगा' असं मला इनबॉक्समध्ये विचारणाऱ्या पुण्याच्या सद्‌गृहस्थांना काहीही नाही.

सोल्डरिंग गन मला.

नीताला स्टीलचा नवा डबा. झाकणासकट. मीच आणून देईन.

विजयला सेलोटेप.

आणि भास्करभाऊ, मधला आवाज लागला की मला फोन करा. काही बोलू नका. फोन नुसता डब्याजवळ धरा.