गुहेबाहेरची मुलं

चिमणीबाई शिशुवर्गाच्या बाई. आवाज बारीक, चाल तुरुतुरु, म्हणून पोरांनीच कधीतरी हे नाव पाडलं आणि पुढे मोठ्यांनीही ते उचललं. आईला सोडायला तयार नसलेलं, हातपाय झाडत रडणारं मूलही त्यांच्या कडेवर गेलं की हळूहळू निवायचं. शाळेत नाव घालायला आलेले आईबाप आधी विचारायचे, "वर्ग चिमणीबाईंचाच मिळेल ना?"

शाळा एका धार्मिक संस्थेची. बाईंचा नवरा त्याच संस्थेच्या बसवर ड्रायव्हर, आणि राहायला शाळेच्या मागच्या अंगाला संस्थेच्याच दोन खोल्या. घराचं, शाळेचं आणि बस उभी राहायची त्या आवाराचं फाटक एकच. बाईंना त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. उलट त्या मैत्रिणींना ऐटीत सांगायच्या, "गॅसवर चहा ठेवून मी घंटेला हजर असते, आणि उतू जायच्या आत परत!"

संस्थेच्या अध्यक्षांनी मुलांसाठी एक धार्मिक ॲनिमेशनपट बनवून घेतला होता. तो संस्थेच्या सगळ्या शाळांतून दाखवायचा होता. "आधी चिमणीबाईंना दाखवा," ते मुख्याध्यापिकेला म्हणाले. "त्यांनी चांगलं म्हटलं की पालक डोळे मिटून पोरं पाठवतील." मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी ऑफिसातले पडदे ओढले, दार लावून घेतलं आणि चिमणीबाईंना मधल्या खुर्चीत बसवलं. एका बाजूला अध्यक्ष, दुसऱ्या बाजूला मोठ्या बाई.

सुरुवात मोठी गोड होती. एका सज्जन माणसाला देवाची वाणी ऐकू येते, की वाळूचं वादळ येणार आहे, डोंगरात गुहा खोद. तो खोदायला लागतो आणि गाव त्याला हसतं. त्याचं गाढव असं आळशी, की माती वाहायच्या वेळी बरोबर झोपायचं. बाईंना खुदकन हसू आलं. गावात एक लहानगा होता, डोक्यावर टोपीसारखं भांडं घालून फिरणारा. मोठे हसले की तोही हसायचा, सज्जनाला वाकुल्या दाखवायचा.

मग वादळ आलं. सज्जन, त्याच्या घरची माणसं आणि गाढव आत गेले आणि दारावर शिळा सरकली. बाहेर राहिलेल्यांत तो भांडंवाला पोरगा होता. तो शिळेवर मुठी आपटत होता. आतली माणसं डोळे मिटून देवाचे आभार मानणारं गाणं म्हणत होती आणि गाण्याच्या तालामागे त्या मुठींचा आवाज येत होता. धप्, धप्. मग तो कमी झाला, मग थांबला. लगेच सूर्य उगवला, फुलं उमलली.

त्यांचा पदर त्यांच्याच मुठीत चुरगळला होता.

"कसा वाटला?" अध्यक्षांनी विचारलं.

"चित्रं फार सुंदर आहेत," बाई म्हणाल्या. हे खरंच होतं. "पण लहान वर्गांना..."

"लहान वर्गांनाच तर आधी दाखवायचाय! संस्कार कोवळ्या वयातच होतात, हे तुम्हाला मी सांगायला हवं का?" अध्यक्ष मनापासून हसले. माणूस वाईट नव्हता. बसला अपघात झाला होता तेव्हा ते बाईंच्या नवऱ्याच्या पाठीशी भिंतीसारखे उभे राहिले होते. बाईंनी पुढचं वाक्य तिथेच सोडलं ते त्यामुळेच.

घरी त्यांनी विषय काढला. नवरा बुटांना पॉलिश करत होता. त्याने मान वर केली नाही. "शहाण्या माणसांनी केलंय ना? मग आपण कशाला मधे पडायचं? आणि त्या अपघाताच्या वेळी दुसरा कोणी असता तर मला घरी बसवलं असतं, हे विसरू नकोस."

पलंगावर बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "देवाच्या गोष्टीत खोट काढतेस? आम्ही काय थोड्या ऐकल्या लहानपणी? मेलो का भिऊन?"

"आई, तुम्ही ऐकल्या. या पोरांना तो मुलगा डोळ्यांनी दिसतो हो."

"मग त्याने वाकुल्या दाखवायच्या नव्हत्या," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी कूस बदलली.

चित्रपट दाखवला गेला. बाई आपल्या वर्गासोबत हॉलमध्ये बसल्या. वादळाच्या वेळी एक मुलगी त्यांच्या मांडीत तोंड खुपसून बसली, बाकीची अगदी गप्प होती. कोणी रडलं नाही. शेवटी टाळ्या पडल्या, अध्यक्षांचा चेहरा फुलून आला आणि बाईंनाही वाटलं, आपणच उगाच राईचा पर्वत केला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या वर्गात आल्या, तर वर्गाला लागून असलेल्या खेळण्यांच्या खोलीचं दार बंद. आतून गाण्याचा आवाज. बाहेर एक मुलगा दारावर मुठी आपटत रडत होता. तोंड लालबुंद, नाक वाहतंय. बाईंनी दार ढकललं. आत पोरं खांद्याला खांदा लावून, डोळे घट्ट मिटून बसली होती.

"अरे, हे काय चाललंय?"

"गुहा-गुहा," एक मुलगी हसतमुखाने म्हणाली. "तो वाईट आहे. त्याने काल माझा खडू मोडला. देव म्हणाला, त्याला घ्यायचं नाही."

"आत जागा तर किती आहे!"

मुलीने इकडेतिकडे पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "जागा आहे, बाई. पण उघडायचं नसतं."

जी पोरं घाबरतील म्हणून बाईंचा जीव खालीवर होत होता, ती घाबरली नव्हतीच. ती आत बसायला शिकली होती.

दोन-चार दिवसांनी अध्यक्षांनी त्यांना बोलावणं धाडलं. इतर शाळांना पाठवायच्या प्रतीच्या सुरुवातीला चिमणीबाईंचे दोन शब्द हवे होते. आवाज येऊ नये म्हणून खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडावर झगझगीत दिवा. बाईंच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"चित्रं फार सुंदर आहेत," त्या कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाल्या. "गाढव तर मुलांना फार आवडतं. पण हा चित्रपट लहान मुलांना दाखवू नका. मोठ्या मुलांना दाखवा, आणि नंतर त्यांच्याशी बोला. बाहेर राहिलेल्या मुलाबद्दल बोला."

अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले, "बाई, दमलात तुम्ही. पाणी घ्या. परत एकदा करू."

बाईंनी पाणी घेतलं. परत तेच बोलल्या, शब्दाला शब्द. आवाज आणखी बारीक झाला होता एवढंच.

"ठीक आहे," अध्यक्ष म्हणाले. "झालं काम." ते रागावले नाहीत. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांची छाती हलकी झाली होती. घरी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बघू काय होतं ते."

झालं ते असं. मोठ्या बाईंनी त्यांना ऑफिसात बोलावून तयार प्रत दाखवली. पडद्यावर चिमणीबाई हसतमुखाने म्हणत होत्या, "चित्रं फार सुंदर आहेत. गाढव तर मुलांना फार आवडतं." आणि लगेच संगीत.

"पुढचं कुठे गेलं?"

"कापलं," मोठ्या बाई म्हणाल्या. "सगळ्या प्रती रवानाही झाल्या. त्यात खोटं काहीच नाही, असं अध्यक्ष म्हणतात."

"माझं तोंड काढा त्यातून."

"मी सांगून पाहिलं." मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "माझी पण नोकरीची पाच वर्षं राहिलीत हो. यापुढे इथले लहान वर्ग मी वगळते, काहीतरी कारण देते. बाकीच्या शाळा माझ्या हातात नाहीत."

एवढंच त्यांच्या पदरात पडलं.

चिमणीबाई अजून तिथेच शिकवतात. राहतात त्याच दोन खोल्यांत. अध्यक्ष समोरून आले की आपुलकीने चौकशी करतात, बाईही उत्तर देतात. कधी बाजारात एखादी अनोळखी आई थांबवते, "अय्या, तुम्ही त्या सिनेमातल्या ना? तुम्ही सांगितलंत म्हणून आम्ही धाकटीला पाठवलं!" मग बाई पिशवी खाली ठेवतात आणि आपलं कापलेलं बोलणं तिला पुरतं ऐकवतात. काही आया ऐकून घेतात. काही घाईत असतात.

"आणि ती घरी आल्यावर काय खेळते?" बाई मग विचारतात. "जरा लक्ष ठेवा हं."