जेटीवरच्या काट्याचे सर

वसंत सर आज पहाटे गेले. जेटीवरचा मासळीचा वजनकाटा तरी नेहमीसारखाच सुरू झाला.

आधी त्याचाच राग आला. मग रडू आलं.

सरांचा कणकवलीत डेपोजवळ छोटा कॉम्प्युटर क्लास. मी त्यांची विद्यार्थिनी, मालवणची.

2001 ची गोष्ट. आमच्या मच्छीमार सोसायटीला मासळीच्या वजनाची छापील पावती हवी होती. ते काम सरांनी मला मिळवून दिलं.

बाबांनी बजावलं होतं, जमलं तर इथे राहा, नाहीतर गणपती झाले की मामाकडे मुंबईला. मला मालवण सोडायचं नव्हतं. अजिबात.

पावतीचा प्रोग्राम मी मालवणात लिहिला. काट्यावरचं वजन वाचून प्रोग्रामला देणारी डीएलएल, म्हणजे प्रोग्रामला जोडायचा कोडचा तुकडा, सरांनी कणकवलीत लिहिली.

फ्लॉपी एसटीच्या कंडक्टरच्या हाती यायची-जायची. आई त्याच गाडीने सरांना बांगडे पाठवायची.

दोन्ही तुकडे आपापल्या घरी एकदम ओके.

डेमोच्या आदल्या दिवशी जेटीवर सोसायटीच्या ऑफिसात ते जोडले. माझ्या प्रोग्रामने पावतीची फाईल उघडली आणि उघड्या फाईलचं हँडल, म्हणजे तिचा ओळख-नंबर, सरांच्या डीएलएलकडे दिलं, की हिच्यात वजन लिही.

पहिली टोपली काट्यावर ठेवली आणि प्रोग्राम आडवा.

मी हातपाय गाळले. फोन केला तसे सर दुपारच्या गाडीने आले. कोड बघून हसायलाच लागले.

"कणकवलीच्या सायकल स्टँडचो बिल्लो मालवणात दाखवलंस, तर सायकल गावतली काय गो?"

कोडपासून प्रोग्राम बनवणारे आमचे कम्पायलर वेगळे. त्यामुळे उघड्या फाईल्सची नोंद माझ्या प्रोग्रामची वेगळी, त्यांच्या डीएलएलची वेगळी. माझा बिल्ला तिथे कोण ओळखणार?

सोपा उपाय होता. फाईल त्यांच्या डीएलएलनेच उघडायची, तिनेच लिहायची. मीच तो सुचवला. घाबरले होते ना.

पण मग माझ्या प्रोग्रामकडे उरलं काय असतं? नुसती स्क्रीन.

सरांचं हसू गेलं.

"नाय. फाईल तुझी. तूच उघड, तूच लिव, तूच बंद कर. माझो कोड तुका फक्त वजन सांगतलो."

आणि स्वतःचा कोड तिथेच बसून बदलला. मी चहा आणून दिला, तो तसाच थंड झाला.

दुसऱ्या दिवशी पावती निघाली. चेअरमन सरांचा हात धरून कौतुक करायला लागले. सरांनी हात सोडवून घेतला आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"प्रोग्राम ह्या चेडवाचो. मी फक्त वजन सांगतंय."

बाबा मागेच उभे होते. त्यानंतर आमच्या घरात मुंबईचं नाव निघालं नाही.

आज सरांना शेवटचं बघून थेट जेटीवर गेले. आईची टोपली काट्यावर ठेवली. पावती आली, तळाला प्रोग्राम लिहिणारी म्हणून माझं नाव.

वजन अजून सरच सांगत होते.

सर, मी इथे आहे ती तुमच्यामुळे. खूप खूप आभार. सुखाने जा.