खिडकीपाशी धरलेली फिल्म

बाबांच्या मेंदूच्या एमआरआयची फिल्म आज घरी आणली. हल्ली ते विसरतात. किराणा आणायला जातात आणि हात हलवत परत येतात. डॉक्टर म्हणाले होते, "बारीक रक्तवाहिन्या तुंबल्यात की मेंदूचा एखादा भाग आक्रसतोय, ते फोटोत दिसेल. दोन्हींचे उपाय वेगळे."

बाबांनी आयुष्यभर फोटो स्टुडिओ चालवला. पाकिटातून फिल्म काढून त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. बोटं फक्त कडांना, ठसा उमटू नये म्हणून. ती सवय जशीच्या तशी होती. मी त्यांच्या खांद्यावरून बघत राहिले. त्या करड्या वळ्यांत माझं लहानपण कुठे असेल? हा पांढरा ठिपका त्याच्यावर तर पडला नसेल? आईचं हसणं कुठल्या खाचेत असेल, आणि तिथं ते अजून किती दिवस टिकेल?

"गिऱ्हाईक अजिबात हललेलं नाही," बाबा समाधानानं म्हणाले. मग त्यांनी फिल्म जपून पाकिटात सरकवली आणि माझ्या हातात दिली.

"यांच्या घरी पोचवून ये. माणसं वाट बघत असतील."